फाट्यावरचा डावा इंडिकेटर

सुरुवातीलाच सांगते, माझा या असल्या गोष्टींवर विश्वास नाही. ‘नव्हता’ असं लिहिणार होते, पण अजूनही नाही... आणि तीच तर पंचाईत आहे. या सदरातले अनुभव मी ऑफिसमध्ये डबा खाताना वाचते आणि बहुतेक वेळा हसते. मी वीज खात्यात इंजिनिअर आहे. लोक मला फोन करून सांगतात, मॅडम, आमच्या घरात लाइट आपोआप लागतो, आपोआप कमी-जास्त होतो. मी त्यांना न्यूट्रलची वायर ढिली आहे का ते तपासून घ्यायला सांगते. आजवर दर वेळी न्यूट्रलच निघालाय.

शिवाय आमचं घर वेगळं. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून भूतखेत, अंगात येणं, उतारे या विषयांना घरात थारा नाही. लहानपणी मी एकदा शाळेतून चिंचेच्या झाडावरच्या हडळीची गोष्ट ऐकून आले. बाबांनी काही समजावलं नाही. संध्याकाळी मला त्याच झाडाखाली नेऊन बसवलं, भुईमुगाच्या शेंगा खाऊ घातल्या आणि शेंगा संपल्यावर म्हणाले, “आली काय? नाई ना? चाल मंग.” अशा माणसाची मी मुलगी. म्हणून हे लिहिताना मला थोडी लाजच वाटतेय.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते, अकोट डेपोला. जवळजवळ सगळी नोकरी अकोट–अकोला रस्त्यावर गेली. आता रिटायर आहेत, आई गेल्यापासून अकोटच्या घरी एकटेच राहतात. माझी पोस्टिंग अकोल्याला, सासर अमरावतीचं, आणि धाकटा भाऊ नितीन पुण्यात कंपनीत. बाबांकडे एक जुनी पांढरी हॅचबॅक आहे. दर रविवारी ती घेऊन ते अकोल्याला माझ्याकडे यायचे, नातीशी कॅरम खेळायचे आणि ऊन उतरलं की परत निघायचे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर त्यांना समोरून येणाऱ्या गाड्यांच्या उजेडाचा त्रास व्हायला लागला. म्हणून धम्मचक्र दिनाच्या सुट्टीत आम्ही सगळे अमरावतीला जमलो होतो, तेव्हा माझ्या दिरांनी गाडीचे सगळे बल्ब काढून एलईडी बसवून दिले. प्रशांत भाऊजींचं अमरावतीत गाड्यांच्या ॲक्सेसरीजचं दुकान आहे. माणूस हौशी, आणि हातात पाना असला की ऐकत नाही.

ज्यांनी जुन्या गाडीला एलईडी लावलेत त्यांना पुढचं सगळं माहीत असेल. हेडलाइट लावला की रेडिओ खरखरायला लागला. एक पार्किंग लाइट लागेचना, कारण बल्ब उलटा बसला होता, काढून फिरवून लावल्यावर लागला. आणि इंडिकेटर... ते तर उचकी लागल्यासारखे फडफडायला लागले. याचं कारण सोपं आहे. जुना बल्ब भरपूर करंट खातो, एलईडी अगदी थोडा खातो. इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या फ्लॅशर रिलेला वाटतं की बल्ब उडाला, आणि ड्रायव्हरला कळावं म्हणून तो दुप्पट वेगाने टिकटिकतो. उपायही सोपा. जुन्या बल्बाइतका करंट खाणारा लोड रेझिस्टर लावायचा किंवा एलईडीचा रिले टाकायचा. भाऊजींकडे तेव्हा दोन्ही संपलेले होते. “पुढच्या खेपेला लावून देतो, काका,” म्हणाले. जुने बल्ब त्यांनी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घालून डिकीत ठेवले. इंडिकेटरची डाव्या बाजूची जोडी, म्हणजे पुढचा आणि मागचा, एका रबरबँडमध्ये आणि उजवीची दुसऱ्या रबरबँडमध्ये. ज्या बाजूचा बल्ब त्याच बाजूला परत गेला पाहिजे, ही त्यांची दुकानातली शिस्त.

आता फाट्याबद्दल. अकोल्याहून अकोटकडे जाताना चोहोट्टा बाजार मागे पडलं की थोड्या वेळाने डाव्या हाताला एक फाटा लागतो. नाव मुद्दाम देत नाही, गावातल्या लोकांना उगाच ताप नको. रस्ता रुंद करताना तिथले कडुनिंब गेले, आता फक्त एक मोडका निवारा आहे आणि मागे तुरीची शेतं. लग्नानंतरची बरीच वर्षं आई-बाबा या फाट्यावरून आत गेल्यावर लागणाऱ्या गावात राहायचे. बाबांची बस दुपारी फाट्यावर आली की आई डबा घेऊन उभी असायची. तिला उशीर झाला की बाबा डावा इंडिकेटर लावून बस थांबवून ठेवायचे. पॅसेंजर कुरकुरायचे, कंडक्टर घंटी मारायचा, बाबा ढिम्म. आई सांगायची, पांदीतून, म्हणजे शेतातल्या गाडीवाटेने, येताना लांबूनच तो पिवळा लाइट लुकलुकताना दिसला की ती पाय उचलायची. आमच्या घरात या गोष्टीवरून दोघांना खूप चिडवलं जायचं.

झालं असं, की दिवाळीनंतर एका रविवारी बाबा फोनवर नितीनला सहज बोलून गेले, “फाट्यावर गाडीचा डावा इंडिकेटर आपोआप लागते. अन् बरोबर जुन्यासारखा, सावकाश.” बाबांच्या मते ही तक्रार होती, भाऊजींच्या फिटिंगबद्दलची. नितीनने ती वेगळीच ऐकली. लगेच मला फोन.

“ताई, हे अर्ली साइन्स असतात. फाटा, आई, इंडिकेटर... कळतंय ना तुला? त्यांना भास होतायत. आणि हा माणूस हायवेवर एकटा गाडी चालवतोय.”

त्याने पुण्यातल्या डॉक्टरांची वेळ घेतली होती, घरातली एक खोली रिकामी केली होती. म्हणजे अकोटचं घर बंद, गाडीची चावी काढून घ्यायची आणि बाबांना कायमचं पुण्याला न्यायचं. मागे एकदा बाबा त्याच्याकडे गेले होते तर आठवड्याच्या आत परत आले. म्हणाले, तिथं लिफ्टमधी बी कोनी बोलत नाई. त्यांना तिथे नेऊन ठेवलं तर ते जेवतील, झोपतील, सगळं करतील, पण आतून संपतील, हे मला दिसत होतं. पण खरंच भास होत असतील तर? मी काय करणार होते? नितीन म्हणाला, “तू एकदा सोबत जा. बघ आणि मला सांग. तू म्हणशील तसं करू.” सगळं माझ्या एका शब्दावर आलं.

पुढच्या रविवारी मी म्हटलं, बाबा, आज मी सोडते तुम्हाला. त्यांनी चावी दिली आणि ते डावीकडे बसले. मांडीवर वरुडच्या संत्र्यांची पिशवी, दोन्ही हात पिशवीवर. हे मी नीट पाहून ठेवलं होतं, कारण मी बघायलाच गेले होते. आमच्या गाडीत इंडिकेटरची दांडी स्टिअरिंगच्या उजवीकडे आहे. डावीकडे बसलेल्या माणसाचा हात तिथे पोहोचत नाही.

सूर्य खाली आला होता, रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग. चोहोट्टा बाजारात मी वळताना इंडिकेटर दिला, नेहमीसारखा फडफडला. फाटा जवळ आला. निवारा दिसला. आणि डॅशबोर्डवर डावा बाण लागला.

टिक... टॉक... टिक... टॉक...

सावकाश, जुन्या बल्बाचा असतो तसा. मी दांडीकडे पाहिलं, ती मधोमध होती. बाबांच्या हातांकडे पाहिलं, ते पिशवीवर. मी तशीच पुढे गेले. फाटा मागे पडल्यावर तो बंद झाला.

बाबा भडकले. पण कशावर, तर... “इंडिकेटर देल्ला अन् थांबली नाई तू! मांगच्या ट्रकवाल्याले काय समजन?”

“मी कुठे दिला, बाबा?”

“गाडीनं त देल्ला ना! इंडिकेटर म्हंजे मांगच्याले देल्लेला शब्द असते. देल्ला त थांबा लागते.”

मी पुढे गाडी बाजूला घेतली. विचारलं, बाबा, हे कधीपासून? त्यांनी संत्रं सोलत सोलत सांगितलं. आई गेल्यावरही ते फाट्यावर डावा इंडिकेटर देऊन घडीभर थांबायचे. सवय म्हणून. एलईडी लागल्यावर मात्र ते बंद केलं. “तो लेकाचा फडफड करे. पाहनारा म्हनीन, ड्रायव्हरचा बल्ब उडाला अन् पठ्ठ्याले पत्ता नाई. लाज वाटे मले. म्हनून देनं सोडलं. सोडलं तवापासून हे सुरू झालं.”

मी भीत भीत विचारलं, “तुम्हाला काय वाटतं, बाबा... आई?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा चिंचेखाली बसलेली पोर झाले. “बह्याड झाली काय वं? मेलेलं मानूस येत नसते. वायरिंग हाये ते. तू इंजिनिअर हायेस ना? फॉल्ट काढ.”

काढ तर काढ. मी मनातून खूश झाले होते, कारण बाबांचं डोकं ठिकाणावर होतं आणि मला काम मिळालं होतं. मधल्या दिवसांत मी सुट्टी टाकून अकोटला गेले, इंडिकेटरच्या दांडीचा कॉम्बिनेशन स्विच उघडला, अर्थिंगचे पॉइंट घासले, बॅटरीचे टर्मिनल साफ केले. सेंट्रल लॉकवाल्याने पूर्वी इंडिकेटरच्या वायरला जोड मारला होता, तो काढून टाकला. मला वाटलं सापडलं! मग मुद्दाम एकटी फाट्यावरून दोनदा गेले-आले. काही नाही. मी नितीनला कळवणारच होते की लूज कनेक्शन होतं, मिटलं. रविवारी बाबा सोबत होते, आणि फाट्यावर पुन्हा... टिक... टॉक.

शेवटी भाऊजींना अमरावतीहून अकोल्याला माझ्याकडे बोलावलं. ते रिले, रेझिस्टर, मीटर सगळं घेऊन आले. आधी हसले. मग दिवसभर गाडीत डोकं खुपसून बसले, रिलेसुद्धा बदलून पाहिला, तसलाच जुन्या पद्धतीचा. संध्याकाळी हात पुसत म्हणाले, “वहिनी, समजा स्विच आपोआप लागला. चला, मानलं. पण सावकाश कसा होऊन राहिला? रिलेले फक्त एलईडी दिसते, तो सावकाश मारूच शकत नाई. सावकाश मारते म्हंजे कुठंतरी जुन्या बल्बाचा लोड लागून राहिला. पण बल्ब त नाई!”

ते म्हणाले, रेझिस्टर लावून टाकतो, सगळीकडेच सावकाश होईल, विषय संपला. बाबांनी हात आडवा केला. “थांब. मंग फॉल्ट कसा समजन? झाकून ठेवलेला फॉल्ट परत येते.”

मग भाऊजींनी डावीकडचे दोन्ही एलईडीच काढून टाकले. पुढचा आणि मागचा, दोन्ही होल्डर रिकामे. दांडी वर करून पाहिली, रिले नुसता तडतडला, तसाच व्हायला पाहिजे होता. आता बघू काय लागतं ते, म्हणाले. आम्ही तिघे निघालो. मी चालवायला, बाबा डावीकडे, भाऊजी मागे. चोहोट्टा बाजारापर्यंत भाऊजी राजकारणावर बोलत होते, पुढे मान काढून डॅशबोर्डकडे बघायला लागले.

फाट्यावर बाण लागला. सावकाश.

या वेळी मी थांबले. बाबांनी सांगितलंच होतं. भाऊजी उतरून पुढे गेले, मग मागे गेले. डाव्या बाजूला अंधारी भोकं, दुसरं काही नाही. आत मात्र रिले आरामात वाजत होता, टिक... टॉक. भाऊजी खिडकीशी येऊन म्हणाले, “वहिनी, बाहेर काहीच नाई लागून राहिलं.” त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता.

मीटर डिकीत होता म्हणून मी डिकी उघडली, तर जळक्या रबराचा वास आला. बिस्किटाचा डबा उघडला. उजव्या बाजूची जोडी होती तशी, रबरबँड शाबूत. डाव्या जोडीवरचं रबर वितळून काचेला चिकटलं होतं. मी बोट लावलं आणि चटका बसून मागे घेतलं. भाऊजींनी लावलं, त्यांनाही बसला. उजवी जोडी गार होती, डबा गार होता. त्या डब्याला कुठलीही वायर जोडलेली नव्हती. मी हे दोनदा पाहिलं, डबा उचलून खालीही पाहिलं.

आम्ही दोघं तिथे बावळटासारखे उभे. आतली टिकटिक थांबली तेव्हा बाण बंद झाल्याचं कळलं. मी डबा बाबांना नेऊन दाखवला. त्यांनी तो मांडीवर घेतला, बल्बांना हात लावला नाही.

“शॉर्ट हाये कुठंतरी,” म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. “काढा लागते फॉल्ट. चाल मंग.”

वितळलेलं रबर लागलेले ते बल्ब आजही माझ्या कपाटात आहेत. रबर जुनं होतं, उन्हाने डिकी तापली असेल, सगळं म्हणून पाहिलं. पण हिवाळ्याच्या संध्याकाळी एकाच डब्यातली एकच जोडी तापत नाही, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

त्याच आठवड्यात नितीनचा फोन. पुण्याच्या डॉक्टरांची वेळ जवळ आली होती. लूज कनेक्शन होतं म्हटलं असतं तर बाबा वाचले असते, आणि सोपंही होतं. पण मग पुढच्या वेळी बाबा पुन्हा तेच बोलले असते आणि नितीनने त्यांना नेलंच असतं. शिवाय आमच्या घरात खोटं सांगून गोष्ट मिटवायची पद्धत नाही, हडळीच्या बाबतीतसुद्धा नाही.

म्हटलं, “बाबांना भास होत नाहीत. इंडिकेटर लागतो. मी पाहिलाय, भाऊजींनी पाहिलाय.”

“का लागतो?”

“माहीत नाही.”

“ताई, तू इंजिनिअर आहेस!”

“म्हणूनच सांगतेय माहीत नाही म्हणून.”

त्याचं पुण्याचं मराठी गळून पडलं आणि तो म्हणाला, “तुमी दोघं बी बह्याड झाले काय वं?” आणि रडायला लागला. मीही रडले. आई गेली तेव्हा आम्ही दोघं असे रडलो नव्हतो. बाबांना न्यायची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही. डॉक्टरांकडे मात्र मीच बाबांना अकोल्यात दाखवून आणलं, त्यांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी निघाली.

भाऊजींनी डावे एलईडी परत बसवले. रेझिस्टर अजून लावलेला नाही, बाबा लावू देत नाहीत. आता रविवारी मीच त्यांना सोडते. फाट्यावर इंडिकेटर लागतो, मी थांबते. बाबा उतरत नाहीत, आई-बिई काही बोलत नाहीत. समोर बघत बसतात. थोड्या वेळाने बाण आपणच बंद होतो आणि बाबा म्हणतात, “चाल मंग.”

मागच्या महिन्यात त्यांना ताप आला. गाडी त्या आठवड्यात माझ्याकडेच होती, मी एकटीच अकोटला निघाले. फाटा जवळ आला तसा मी वेग कमी केला. बाण लागेल म्हणून वाट पाहिली. खरं सांगते, तो लागावा असं मला फार वाटत होतं. नाही लागला. मग मीच दांडी वर केली. इंडिकेटर फडफडायला लागला, उचकी लागल्यासारखा, एलईडीचा होतो तसाच. पण दिला होता, म्हणून थांबले. पांदीकडे बघत बसले. तुरीच्या शेतातून एक म्हातारा सायकल ढकलत आला आणि निघून गेला. दुसरं कुणी नाही.

अकोटला पोहोचले तेव्हा बाबा पांघरूण घेऊन पडले होते. डोळे न उघडताच विचारलं, “फाट्यावर थांबली होती काय?”

“हो.”

“लागला?”

“नाही, बाबा. मीच लावला.”

“कसा मारला?”

“भराभर. एलईडीचा मारतो तसा.”

मी त्यांच्या कपाळावर पट्टी बदलली. मला वाटलं झोपले. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि हळूच म्हणाले, “म्हंजे वायरिंग बरोबर हाये.”